‘आज खेळायचे नाही’ हे कोणी सांगायचे?

शालेय खेळात डोक्याला मार लागल्याची शंका आली, की खेळाडूला त्या दिवसापुरते बाहेर काढायचे आणि परवानाधारक आरोग्य-व्यावसायिकाच्या लेखी संमतीशिवाय पुन्हा उतरवायचे नाही, असा कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो. २०१४ मध्ये त्यात भर पडली. मेंदूला धक्का बसल्याचे निदान झाले, तर खेळात परतण्याचे टप्पे किमान सात दिवसांचे हवेत आणि तेही परवानाधारकाच्या देखरेखीखाली. कायदा चांगला आहे. अडचण एवढीच, की याच कामाचे शिक्षण घेऊन मैदानावर रोज हजर असणाऱ्या ॲथलेटिक ट्रेनरला या राज्याने वर्षानुवर्षे परवानाच दिलेला नाही. टेक्सासने तो १९७१ मध्ये दिला. पुढे इतर राज्यांनीही परवाना किंवा नोंदणी अशी काही ना काही व्यवस्था केली. कॅलिफोर्निया तेवढे मागे राहिले.

ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममध्ये वजने उचलायला शिकवणारा नव्हे. दुखापत ओळखणे, प्रथमोपचार करणे आणि खेळाडूला पुन्हा खेळण्याजोगे करणे हे त्याचे काम. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्येच याला आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून मान्यता दिली. पण कायद्याचे संरक्षण नसले, की पात्र आणि अपात्र दोघेही एकाच नावाने वावरू शकतात. चूक झाली तर पालकांनी तक्रार न्यायची कुठे, आणि काम करण्याची मुभा काढून घ्यायची कोणी, याला उत्तर राहत नाही.

विरोधकांचे म्हणणेही ऐकायला हवे. कॅलिफोर्नियाचे तत्कालीन गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी २०१४ आणि २०१५ मध्ये या पदनामाला संरक्षण देणारी विधेयके परत पाठवली. नियमांचे ओझे वाढेल, पण त्याची गरज पुरेशी सिद्ध झालेली नाही, असा त्यांचा आक्षेप होता. फिजिओथेरपिस्टांना आपल्या कार्यक्षेत्रावरील अतिक्रमणाची चिंता आहे. शिवाय परवान्याचा कायदा झाला म्हणून गरीब शाळेला ट्रेनर नेमायला पैसे मिळत नाहीत.

परवाना पुरेसा नाही, हे मेरीलँडनेही दाखवले. तेथील विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर २०१८ मध्ये सरावात उष्माघाताने कोसळला आणि काही दिवसांनी दगावला. अशा वेळी शरीर आधी बर्फाच्या पाण्यात थंड करायचे आणि मग रुग्णालय गाठायचे, हा नियम सर्वज्ञात आहे. पहिल्या अर्ध्या तासातच जीव वाचतो किंवा जातो. तेथे प्रशिक्षित माणसे होती, तरीही त्याला थंड पाण्यात बुडवले गेले नाही. पुढे राज्याने त्याच्या नावाने कायदा केला.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र हव्यात. ट्रेनरला परवाना आणि त्यासोबत उत्तरदायित्व. प्रत्येक मैदानाचा लेखी आणीबाणी आराखडा व त्याचा सराव. आणि प्रशिक्षकाला न रुचणारा निर्णय घेतल्यावरही ट्रेनरची नोकरी सुरक्षित राहील अशी रचना. सामना जिंकण्याची ज्याच्यावर जबाबदारी आहे, त्याच्याकडेच खेळाडूला थांबवण्याचा अंतिम अधिकार असू नये. कॅलिफोर्नियाच्या शाळांत मराठी घरांतली मुलेही खेळतात. त्यांच्या पालकांनी शाळेला विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच: इथे मुलाला बाहेर काढायचा निर्णय कोण घेतो, आणि तो निर्णय फिरवू कोण शकतो?