सरकारची दवंडी कोणाच्या वाड्यांत?

गांवाची दवंडी चावडीवर पिटावी, सावकाराच्या वाड्यांत नव्हे, हें शेतकऱ्याच्या पोरासही कळतें. वाड्याचा दरवाजा धनी मनास येईल तेव्हां लावतो. पण आज मोठमोठीं सरकारें आपली दवंडी खाजगी कंपन्यांच्या वाड्यांतच पिटीत आहेत. ट्विटर नांवाचा असा वाडा ऑक्टोबर २०२२ मध्यें एलॉन मस्क यांनीं ४४ अब्ज डॉलरांस विकत घेतला. जून २०२३ च्या अखेरीस, खातें उघडल्यावांचून तेथील मजकूर वाचण्यास बंदी झाली. पुढें ती थोडी सैल झाली खरी. पण लोकांच्या करावर चालणाऱ्या कचेरीची सूचना लोकांनीं वाचावी कीं नाहीं, हें एका धन्यानें ठरविलें!

याला दुसरी वाट आहे. जर्मनींत राहणाऱ्या ऑयगेन रोच्को या तरुणानें २०१६ सालीं मॅस्टोडॉन काढलें. त्याचा आराखडा उघडा आहे. कोणीही तो घ्यावा व आपला सर्व्हर मांडावा. एका टपालकचेरींत टाकलेलें पत्र दुसऱ्या गांवच्या कचेरींत पोंचतें, तसा एका सर्व्हरवरील मजकूर दुसऱ्या सर्व्हरवरील माणसास मिळतो. कारण नियम सर्वांचा एक. त्या ॲक्टिव्हिटीपब नांवाच्या नियमास वेबचे नियम ठरविणाऱ्या जागतिक संस्थेनें २०१८ सालीं मान्यता दिली. धनी एक नाहीं, म्हणून सर्वांस दरवाजा लावणाराही एक नाहीं.

जर्मनीच्या माहितीसंरक्षण आयुक्तांनीं सरकारी खात्यांसाठीं असा सर्व्हर उघडला. नेदरलंड सरकारनें २०२३ मध्यें प्रयोगादाखल आपला मांडला. युरोपीय संघाच्या माहितीसंरक्षण अधिकाऱ्यांनीं एप्रिल २०२२ मध्यें 'ईयू व्हॉइस' सुरू केला. पण त्याचा भार घेण्यास दुसरी संस्था पुढें न आल्यानें तो मे २०२४ मध्यें बंद पडला. विहीर खणून भागत नाहीं. दरसाल गाळ काढण्याची तरतूद लागते.

कोणी म्हणेल, तेथें माणसें थोडीं आहेत. खरें आहे. म्हणून वाड्यांतही दवंडी द्यावी. पण मूळ दवंडी चावडीवरच हवी. बांधवहो, आपल्याकडेही कित्येक गांवांत पंचायतीची सूचना व्हॉट्सॲपवर फिरते. ज्याच्या हातीं तसा फोन नाहीं, त्या कुणब्याचें, कुंभाराचें काय? येत्या ग्रामसभेंत उठून एवढेंच विचारा : सूचनेची मूळ जागा कोणाची, आणि ती वाचण्यास परवानगी कोणाची लागते?