शेणाचे घर, मेणाचे घर आणि प्रोग्रॅमिंग

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवताना पाठ्यपुस्तके बहुधा ‘प्राणी’ या क्लासपासून आरंभ करतात, त्यातून कुत्रा व मांजर निर्माण करतात आणि एकाला भुंकायला, दुसऱ्याला म्याव करायला लावून थांबतात. या उदाहरणातून वर्गीकरण कळते, परंतु प्रोग्रॅमचे घटक परस्परांशी कसे वागतात हे कळत नाही, कारण त्यात पात्रे असली तरी गोष्ट नसते. परदेशातील मराठी मुलांना तान्ह्या वयात सांगितली जाणारी चिऊ-काऊची गोष्ट ही उणीव भरून काढू शकते. तिला केवळ बालवाडीपुरती मानणे योग्य नाही.

या प्रोग्रॅमिंग पद्धतीचा उगमही एका अर्थी गोष्ट सांगण्याच्या गरजेतूनच झाला. ओस्लो येथील नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी घडवलेली सिम्युला ही भाषा प्रत्यक्ष व्यवहारांचे संगणकावर अनुकरण करण्यासाठी होती, आणि तिच्या 1967 च्या आवृत्तीत क्लास, ऑब्जेक्ट व इन्हेरिटन्स या कल्पना आकाराला आल्या. पुढे झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक भाषा रचणारे अ‍ॅलन के यांनी तर मुलांनाच संगणकाचे वापरकर्ते मानले आणि ऑब्जेक्टपेक्षाही ऑब्जेक्टनी एकमेकांना पाठवलेल्या निरोपांना अधिक महत्त्व दिले.

क्लास म्हणजे आराखडा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या आराखड्यानुसार घडलेली प्रत्यक्ष वस्तू. ‘चिमणी’ हा क्लास मानला, तर गोष्टीतील चिऊताई हा त्याचा एक ऑब्जेक्ट ठरतो. पावसात शेणाचे घर वाहून गेलेला कावळा मेणाच्या घरात राहणाऱ्या चिऊताईचे दार ठोठावतो, तेव्हा त्याला कडी बाहेरून काढता येत नाही, तो केवळ विनंती करू शकतो. आत बाळाची अंघोळ चालली आहे की तीट लावणे, हे चिऊताईलाच ठाऊक असते आणि दार केव्हा उघडायचे हेही तीच ठरवते. ऑब्जेक्टने आपली अंतर्गत स्थिती स्वतःच्या ताब्यात ठेवून बाहेरच्यांना ठरावीक विनंत्यांपुरताच प्रवेश देणे, यालाच एन्कॅप्स्युलेशन म्हणतात.

पाऊस दोन्ही घरांना एकच निरोप देतो, ‘भीज’. त्यावर शेणाचे घर वाहून जाते आणि मेणाचे टिकते. एकाच निरोपाला प्रत्येक ऑब्जेक्टने आपापल्या परीने उत्तर देणे म्हणजे पॉलिमॉर्फिझम होय, आणि त्याची खरी किंमत अशी की, पावसाला घर कशाचे आहे याची चौकशी करावी लागत नाही.

इन्हेरिटन्सच्या मर्यादाही याच गोष्टीतून दाखवता येतात. चिमणी व कावळा हे दोन्ही क्लास ‘पक्षी’ या क्लासचे गुण घेतात, म्हणजेच त्याचे उपक्लास ठरतात, इथपर्यंत ठीक आहे. परंतु ‘शेणाच्या घरात राहणारा पक्षी’ असा निराळा क्लास केला, तर कावळ्याने उद्या मेणाचे घर बांधताच त्याचा क्लासच बदलावा लागेल. घर हा कावळ्याचा स्वभाव नसून त्याच्याजवळ असलेला स्वतंत्र ऑब्जेक्ट आहे, असे मानणे म्हणजे कॉम्पोझिशन, आणि 1994 साली चार लेखकांनी मिळून लिहिलेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथानेही इन्हेरिटन्सपेक्षा कॉम्पोझिशनला झुकते माप दिले आहे.

अशा रूपकांनी मुलांची दिशाभूल होते, हा आक्षेप निराधार नाही. इन्हेरिटन्ससाठी ‘वारसा’ हा शब्द वापरताच चिऊताईचे बाळ हा तिचा उपक्लास आहे, असे मुलाला वाटू शकते. वास्तविक बाळ हा त्याच ‘चिमणी’ क्लासचा दुसरा ऑब्जेक्ट आहे, आणि वारसा येथे आईकडून लेकराकडे नव्हे, तर आराखड्याकडून आराखड्याकडे जातो. तथापि ही चूक दुरुस्त करण्यासाठीही चिऊ आणि बाळ यांच्याइतके सोपे उदाहरण दुसरे मिळणार नाही, त्यामुळे आक्षेपाने रूपक बाद होत नाही, ते कोठे थांबवायचे एवढेच ठरते.

म्हणून परदेशातील महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांनी ही गोष्ट प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या मोठ्या मुलांसमोर पुन्हा मांडावी आणि तिच्यात विटांच्या घराची भर घालण्यास सांगावे. ज्या मुलाला त्यासाठी पावसाच्या आज्ञांमधील एकही ओळ बदलावी लागली नाही, त्याला हा विषय समजला असे म्हणण्यास हरकत नाही.