अंधारात दिसले, पण ओळखले का?

पुणे, विशेष प्रतिनिधी - शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. ग्रामस्थांचा संताप रस्त्यावर उतरला. ४ नोव्हेंबरच्या रात्री थर्मल ड्रोनच्या साह्याने शोध घेणाऱ्या पथकाला बिबट्या दिसला. बेशुद्धीचा डार्ट चुकला, बिबट्या चाल करून आला आणि त्याला गोळी घालण्यात आली. त्याआधी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या शोधासाठीही थर्मल ड्रोन वापरले गेले होते. अशा घटनांनंतर आधुनिक उपकरणांची मागणी होणे स्वाभाविकच. तथापि, नेमके कोणते उपकरण घ्यावे, याचा विचार त्या घाईत मागे पडतो.

रात्रीच्या उपकरणांचे प्रमुख प्रकार दोन. 'थर्मल' कॅमेरा उष्णतेतील फरक टिपतो. त्याला उजेडाची गरज नसते. मात्र दाट उसाच्या पानांआड त्याची नजर पोहोचत नाही आणि उन्हाळ्यात तापलेले खडक रात्रीही फसवतात. 'नाइट व्हिजन' उपकरण चांदण्याचा अंधूक प्रकाश वाढवते किंवा अवरक्त दिव्याचा आधार घेते. त्याचा पल्ला कमी, पण त्यात अंगावरचे ठिपके व पट्टे दिसू शकतात. थर्मल प्रतिमेत ते बहुधा उमटतच नाहीत.

जाहिरातीत ठळकपणे छापलेला पल्ला हा केवळ 'काहीतरी आहे' एवढे कळण्याचा असतो. प्रचलित निकषानुसार तेवढ्यासाठी प्राण्याच्या आकारावर दोन चित्रबिंदू पुरतात. प्राणी नेमका कोणता हे खात्रीने सांगण्यासाठी तेरा-एक लागतात. ६४० बिंदू रुंदीचा, १२ मायक्रॉनचा सेन्सर आणि ३५ मिलिमीटरची लेन्स घेतली, तर ३०० मीटरवर एक बिंदू सुमारे दहा सेंटिमीटर व्यापतो. साठ सेंटिमीटर उंचीचा बिबट्या तेथे जेमतेम सहा बिंदूंचा होतो. शंभर मीटरवर तोच सतरा-अठरा बिंदूंचा दिसतो. अर्थात, खरेदी करताना कमाल पल्ल्यापेक्षा ओळख पटण्याचे अंतर विचारले पाहिजे.

त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न कायद्याचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार बिबट्या किंवा वाघ मानवी जीवितास धोकादायक ठरला आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला ठार करण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. तो आदेश विशिष्ट प्राण्यासाठी असतो, दिसेल त्या बिबट्यासाठी नव्हे. हा बिबट्या आहे, एवढे उत्तम उपकरण सांगेल. हाच तो बिबट्या आहे, हे पाऊलखुणा, कॅमेरा ट्रॅपमधील ठिपक्यांची नक्षी आणि डीएनए चाचणी यांतूनच ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील टी-१ अर्थात 'अवनी' वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री मारण्यात आले. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने त्या मोहिमेच्या कार्यपद्धतीवर ताशेरे ओढले.

तेव्हा क्रम असा हवा: शोधासाठी थर्मल ड्रोन, जवळून खातरजमा करण्यासाठी अवरक्त प्रकाशाचे नाइट व्हिजन आणि या दोहोंच्या आधी कॅमेरा ट्रॅपचे जाळे. चुकीचा बिबट्या मारला गेला, तर गाव त्या रात्री निर्धास्त झोपेल. खरा हल्लेखोर मात्र उसातच राहील. त्या चुकीची किंमत मोजावी लागेल ती पहाटे शेतावर निघालेल्या माणसाला.