एकच दर, एकच शब्द

व्यापारांत निव्वळ सत्य चालत नाहीं, अशी समजूत आमच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या दृढ होऊन बसली आहे. दुकानदार तसें म्हणतो व गिऱ्हाईकही मान डोलावतें. या समजुतीची परीक्षा सतराव्या शतकांत इंग्लंडांत एकदां होऊन चुकली आहे; ती हकीकत आमच्या व्यापारी वाचकांनीं अवश्य ध्यानीं घ्यावी.

जॉर्ज फॉक्स (१६२४-१६९१) हा एका विणकऱ्याचा मुलगा. प्रत्येक मनुष्याच्या अंतर्यामीं ईश्वरी प्रकाश असतो, व तो पाहण्यास पगारी धर्मोपदेशकाची मध्यस्थी नको, असा त्याचा उपदेश. त्याच्या अनुयायांस लोक थट्टेनें क्वेकर, म्हणजे थरथरणारे, म्हणूं लागले. हा प्रकाश जर अष्टौप्रहर जागा आहे, तर प्रार्थनेच्या वेळीं एक सत्य व दुकानांत दुसरें, असें कसें चालेल? म्हणून त्यांनीं दोन गोष्टी सोडल्या: दुकानांतील घासाघीस व न्यायासनापुढील शपथ. आधीं चढी किंमत सांगून मग उतरणें हें त्यांच्या मतें उघड असत्य; आणि शपथ घेणें म्हणजे एरव्ही आपलें बोलणें भरंवशाचें नाहीं, अशी कबुलीच होय!

परिणाम काय झाला? १६६२ च्या कायद्यानें शपथ नाकारणें हा त्यांचा गुन्हा ठरला व हजारों लोकांनीं तुरुंग पाहिला. गिऱ्हाइकें तुटलीं, कित्येकांस भाकरीपुरतें मिळेना, असें फॉक्स आपल्या रोजनिशींत लिहितो. परंतु या दुकानीं लहान मूल पाठविलें तरी फसत नाहीं, हें पुढें लोकांच्या अनुभवास आलें आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली. १६९६ त पार्लमेंटनेंही शपथेऐवजीं त्यांची प्रतिज्ञा मान्य केली. आमच्या राज्यघटनेंत ईश्वरसाक्ष शपथेच्या जोडीस गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेचा पर्याय आहे. इंग्रजी कायद्यांत ती वाट प्रथम या हट्टी लोकांनीं पाडली.

हे लोक निर्दोष होते, असें नव्हे. अमेरिकेंतील कित्येक क्वेकर गुलाम बाळगीत. १६८८ त जर्मनटाउन येथें त्याचा निषेध झाला. पण फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें त्यास बंदी करण्यास १७७६ साल उजाडावें लागलें. तसेंच, सचोटी अखेर फायद्याची, एवढाच बोध घेणेंही बरोबर नाहीं. फायदा होईल हें ठाऊक नसतां त्यांनीं तोटा पत्करला, यांतच त्यांचें मोठेपण आहे.

आतां किंमती छापील झाल्या, घासाघीस उणावली. पण असत्य गेलें कोठें? आधीं किंमत फुगवावी आणि मग ‘निम्म्या दरानें’ असा डांगोरा पिटावा, हा प्रकार पेठेंत चालतो व मोबाईलच्या पडद्यावरही चालतो. ही ती जुनीच घासाघीस. फक्त गिऱ्हाइकाच्या तोंडास कुलूप घालून केलेली!

आमचें मागणें थोडें आहे. सणासुदीस फलकावर ‘सूट’ हा शब्द लिहिण्यापूर्वीं, काल आपण हाच माल खरोखर काय दरानें विकला, हें प्रत्येक दुकानदारानें आपल्या मनास विचारावें. शेजाऱ्याचें मूल पैसे मुठींत धरून निर्धास्तपणें ज्याची पायरी चढतें, त्या दुकानास निराळ्या जाहिरातीची गरज ती काय?