चौदाव्या वर्षी थांबणारा कायदा आणि दहावीपर्यंत पोहोचलेली शाळा

बंगळूरच्या कोरमंगला भागात १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या उंच इमारतींच्या वसाहतीलगत राजेंद्रनगर नावाची झोपडपट्टी आहे. या भागाची आजची ख्याती वेगळी आहे. इंटरनेटवरून पुस्तके विकणारी फ्लिपकार्ट कंपनी २००७ मध्ये येथल्याच एका सदनिकेत जन्मली आणि तेव्हापासून कोरमंगला हे नाव नवश्रीमंतांच्या उद्योगधंद्यांशी जोडले गेले. या सदनिकांतील धुणीभांडी करणारी, रस्ते झाडणारी, बांधकामावर पाट्या वाहणारी माणसे कोठे राहतात, हा प्रश्न त्या ख्यातीत बसत नाही. त्यांची मुले कोठे शिकतात आणि कितवीपर्यंत शिकतात, हा तर मुळीच बसत नाही.

या राजेंद्रनगरात २००३ साली शुक्ला बोस यांनी स्थापन केलेल्या ‘परिक्रमा’ या संस्थेची पहिली शाळा सुरू झाली. वस्तीतल्या एकमेव दुमजली घराची गच्ची, तिच्या निम्म्या भागावर पत्र्याचे छप्पर आणि १६५ मुले, एवढेच तिचे भांडवल होते. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि जूनमध्येच पाऊस येतो. पाऊस आला की उघड्या निम्म्या भागातली मुले पत्र्याखालच्या निम्म्या भागात दाटीवाटीने येऊन बसत. शुक्ला बोस यांनी २००९ मध्ये म्हैसूरच्या एका परिषदेत ही वाटचाल सांगितली, तेव्हा संस्थेच्या चार शाळा झाल्या होत्या, दहावीनंतरच्या दोन वर्षांचे महाविद्यालय उभे राहिले होते आणि २८ झोपडपट्ट्या व चार अनाथाश्रम यांतील ११०० मुले शिकत होती. सहा वर्षांतील ही प्रगती कोणाही निःपक्षपाती माणसाने मान्य करावी अशीच आहे.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी काहीजण अशा संस्थांचे नाव काढताच नाक मुरडतात. धनिकांच्या देणग्या, कंपन्यांचा पैसा, मग त्यात आपल्याला काय स्वारस्य, अशी त्यांची भूमिका असते. ही भूमिका उथळ आहे. संस्थेचा पैसा कोठून येतो हे जरूर विचारावे, आणि ते आपण पुढे विचारणारच आहोत. पण गच्चीवरची शाळा दहावीपर्यंत कशी पोहोचली हे आधी नीट पाहिले पाहिजे, कारण सरकारी शाळा जेथे मूल गमावते नेमक्या त्याच जागी या शाळेने मूल धरून ठेवले.

ते कसे धरले, यात गूढ काही नाही. मुलाला शाळेत खायला मिळाले. आजारी पडले तर औषधपाणी झाले. आईबाप शाळेत येतील आणि त्यांचे ऐकले जाईल अशी व्यवस्था झाली. दारूच्या आहारी गेलेल्या बापांना व्यसनातून सोडवण्याचे कामही शाळेने आपले मानले. आणि पाचवी झाली की सहावीसाठी, आठवी झाली की नववीसाठी दुसरी शाळा शोधत फिरण्याची पाळी मुलावर आली नाही. कामकऱ्याच्या घरात शिक्षण तुटते ते बहुधा अशा सांध्यावर. एक शाळा संपते, दुसरी दूर असते, दाखला काढायला दिवसाचा रोज बुडतो, गणवेश नवा लागतो, आणि तेवढ्यात गॅरेजमध्ये किंवा खाणावळीत पोराला काम मिळते. मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळायला ती घरीच राहते. कोणी ‘शाळा सोडली’ असे म्हणत नाही. नवीन वर्षी ती सुरू झाली नाही, एवढेच घडते.

हा सांधा कायद्यातही आहे, आणि आमच्या मते सर्व प्रश्नाचे मूळ तेथे आहे. मूळ राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते १९६० मध्ये पुरे व्हावयाचे होते. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, परंतु सहा ते चौदा या वयापुरताच. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला शिक्षणहक्क कायदा त्याच मर्यादेत राहिला. म्हणजे आठवीच्या निकालाबरोबर मुलाचा हक्कही संपतो. आता याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहा. २०१६ मध्ये बालमजुरी कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी करण्यात आली, तीही घरच्या धंद्याचा अपवाद करून. आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी बंदी राहिली ती फक्त धोकादायक ठरवलेल्या धंद्यांपुरती. एक कायदा चौदाव्या वर्षी शाळेचे दार लोटून घेतो आणि दुसरा त्याच वर्षी कामाच्या जागेचे दार उघडतो. याला योगायोग म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे. स्वस्त आणि असंघटित मजूर ज्यांना हवा आहे त्यांच्या दृष्टीने मात्र ही अत्यंत सोयीची जुळवणी आहे.

आकडेही तेच सांगतात. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या शाळागणनेत देशातील गळतीचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दीड टक्का, उच्च प्राथमिक स्तरावर तीन टक्के, तर माध्यमिक स्तरावर १२.६ टक्के होते. आठवीचा उंबरठा ओलांडताच गळती चौपटीहून अधिक होते. टिकून राहिलेल्यांची दहावीत काय अवस्था होते, हेही कर्नाटकात दिसले आहे. दहावीच्या परीक्षेत २०२३ मध्ये ८३.८९ टक्के मुले उत्तीर्ण झाली होती. २०२४ मध्ये परीक्षागृहांत कॅमेरे लावून कडक देखरेख करण्यात आली, आणि वाढीव गुणांची खैरात करूनही हा आकडा ७३.४० वर आला. कॉपी थांबली याचा आनंद मानणाऱ्यांनी एवढेही विचारावे की, वर्गात शिकवायला वर्षभर कोण होते?

वर्गात अनेक ठिकाणी होते ते अतिथी शिक्षक. कर्नाटकातील सरकारी शाळा हजारो अतिथी शिक्षकांच्या बळावर चालतात. माध्यमिक शाळेतील अशा शिक्षकाला दरमहा साडेदहा हजार रुपये मिळत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यात दोन हजारांची वाढ झाली. नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती, सुट्टीचा पगार नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज. ज्या शिक्षकाला स्वतःच्याच पुढच्या वर्षाची खात्री नाही, त्याच्याकडून शाळेच्या पुढच्या वर्षाची योजना आखली जाण्याची अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे. शाळा वाढते ती शिक्षक टिकतात म्हणून. हे गच्चीवरच्या शाळेला कळले, ते सचिवालयाला कळत नाही असे नाही. कळूनही वळत नाही.

एका बाबतीत मात्र कर्नाटकाला श्रेय दिलेच पाहिजे. केंद्राची माध्यान्ह भोजन योजना आठवीपर्यंतच आहे, आणि महाराष्ट्रातही जेवण आठवीलाच संपते. कर्नाटक मात्र दहावीपर्यंतच्या मुलांना जेवू घालते. नववीतल्या मुलीच्या पानात वरणभात आला तर ती शाळेत येण्याची शक्यता किती वाढते, हे समजायला संशोधनाची गरज नाही. महाराष्ट्रातील कॉम्रेडांनी ही मागणी आपल्याकडे जोराने का रेटू नये, हे आम्हाला समजत नाही. अर्थात तेथेही एक गोम आहेच. सरकारी व अनुदानित शाळांतील सुमारे ५५ लाख मुलांना २०२४ पासून आठवड्याचे सहा दिवस अंडी मिळू लागली, ती अझीम प्रेमजी प्रतिष्ठानच्या देणगीच्या बळावर आणि तीन वर्षांच्या करारावर. मुलाच्या ताटातले अंडेदेखील एका उद्योगपतीच्या औदार्यावर अवलंबून राहावे, ही सरकारी तिजोरीची शोभा नव्हे.

येथे पैशाचा प्रश्न येतो. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे कायदेशीर बंधन आले. या रकमेतून चांगली कामे होतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण या पैशाची मालकी देणाऱ्याकडेच राहते. कोणती वस्ती, किती मुले, किती वर्षे, हे तो ठरवतो. महाराष्ट्रालाही शाळा काढणाऱ्या खाजगी संस्था अपरिचित नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४० मध्ये साताऱ्यात मोफत माध्यमिक शाळा काढली, ती शेतकऱ्यांनी घरोघर बाजूला ठेवलेल्या मूठमूठ धान्याच्या आणि ‘कमवा व शिका’ म्हणून घाम गाळणाऱ्या मुलांच्या आधारावर. मूठभर धान्य देणारी बाई त्या शाळेवर हक्काने बोलू शकत होती. राजेंद्रनगरातल्या आईला आपल्या मुलाच्या शाळेबद्दल कृतज्ञता वाटते, आणि ती रास्त आहे. परंतु कृतज्ञता म्हणजे हक्क नव्हे. शेजारच्या गल्लीतल्या ज्या मुलाला तेथे जागा मिळाली नाही, त्याच्या आईने कोणाकडे दाद मागावी? सहा वर्षांत ११०० हा आकडा कौतुकाचा आहे, तसाच तो प्रश्नाच्या आकारमानाचीही आठवण देतो.

माध्यमाचा प्रश्न टाळून चालणार नाही. ही शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. आमच्यातील काहींना हे खटकेल. परंतु ज्या वस्तीत कन्नड, तमिळ, तेलुगू आणि उर्दू एकाच नळावर ऐकू येतात, तेथल्या कामगाराने मुलासाठी इंग्रजी मागितली तर त्यात मानसिक गुलामगिरी शोधणे म्हणजे पोटभरल्यांचा शहाणपणा होय. साहेबाच्या घरातली मुले ज्या भाषेत शिकतात ती भाषा आपल्या मुलाला वर्ज्य का, हा त्याचा प्रश्न वर्गीय आहे. कर्नाटक सरकारनेही २०१९ मध्ये एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले. प्राथमिक वर्ग मातृभाषेत आणि इंग्रजी उत्तम शिकवणारा शिक्षक प्रत्येक सरकारी शाळेत, ही आपली मागणी असली पाहिजे. हे न करता केवळ मातृभाषेचे गोडवे गाणे फुकाचे आहे.

याच कोरमंगल्याच्या कुशीत एजिपुरा आहे. तेथील दुर्बल घटकांसाठी बांधलेली महापालिकेची घरे काही वर्षांतच कोसळू लागली आणि हजाराहून अधिक कुटुंबे पत्र्याच्या खोपट्यांत राहू लागली. जानेवारी २०१३ मध्ये बुलडोझर लावून ही वस्ती उठवण्यात आली. जमिनीचा मोठा हिस्सा खाजगी भागीदाराच्या व्यापारी संकुलासाठी द्यावयाचा करार झालेला होता. उठवलेल्यांना दाखवण्यात आलेली पर्यायी जागा शहराबाहेर सर्जापूर रस्त्याकडे सुळिकुंट्याला होती. जानेवारी म्हणजे दहावीच्या परीक्षेआधीचे शेवटचे दोन-अडीच महिने. रस्त्याच्या कडेला संसार मांडलेल्या घरातल्या दहावीच्या मुलाने त्या वर्षी काय अभ्यास केला असेल? शाळेची योजना शाळेच्या चार भिंतींत होत नाही ती अशी. घर, पाणी, बसचा मार्ग आणि आईचा रोजगार यांचा समावेश नसलेली माध्यमिक शिक्षणाची योजना कागदावरच राहते.

आणि सरकारी योजना तरी कोणत्या दिशेने चालल्या आहेत? पूर्वप्राथमिक ते बारावी एकाच आवारात, ही कर्नाटक पब्लिक स्कूलची २०१८ पासूनची कल्पना मुळात चांगली आहे. मुलाला सांध्यावर न सोडण्याचे तत्त्व तिच्यात आहे. परंतु २०२५ मध्ये या शाळांचा विस्तार करताना भोवतालच्या लहान शाळा त्यांत विलीन करण्याचे घाटू लागले आणि पालक व विद्यार्थी संघटना रस्त्यावर आल्या. महाराष्ट्राने हा प्रयोग आधीच पाहिला आहे. २०१७ च्या डिसेंबरात १३०० हून अधिक लहान शाळा बंद करण्याचा निर्णय, २०२३ मध्ये समूह शाळांचा घाट, १५ मार्च २०२४ च्या आदेशाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांच्या पदांवर चालवलेली कात्री. दूरची मोठी शाळा ही जवळच्या लहान शाळेच्या प्रेतावर उभी राहिली तर डोंगरातल्या वाडीवरची मुलगी त्यात आधी बळी जाते.

कोठारी आयोगाने १९६६ मध्येच परिसरातील सर्व मुलांची एकच शाळा आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च, असे दोन उपाय सांगितले होते. त्या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, आणि त्यांच्या कार्याची सुरुवात धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात झाली. मराठी आणि कन्नड मुलखाचा असाही एक संबंध आहे. तसाच दुसरा : कर्नाटकाच्या राज्य शिक्षण धोरण आयोगाचे अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात हेही विदर्भाचे. या आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात शिक्षणाचा हक्क चार ते अठरा वर्षांपर्यंत वाढवण्याची शिफारस केली. केंद्राच्या २०२० च्या धोरणानेही २०३० पर्यंत माध्यमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याचे अभिवचन दिले होते. अभिवचनाला पाच वर्षे लोटली तरी २०२५ अखेर कायद्यातली चौदाची रेषा जागची हललेली नव्हती.

ती हलवण्यासाठी मोर्चे निघाले पाहिजेत, हे उघड आहे. दरम्यान शाखांना हाती घेता येण्यासारखे एक साधे काम आहे. शाळा उघडताच आपल्या विभागातील सरकारी वा महापालिकेच्या शाळेतून आठवी उत्तीर्ण झालेल्या मुलांची यादी मिळवावी, पंधरा दिवसांनी जवळच्या माध्यमिक शाळांतील नववीचे पट पाहावेत आणि जी नावे दुसऱ्या यादीत नाहीत त्यांच्या घरी जावे. शाळा व्यवस्थापन समितीवर पालकांचे बहुमत असते. कर्नाटकातही अशी समिती आहे. त्या पालकांना बरोबर घ्यावे. घरी गेल्यावर भाषण करू नये. मूल कोठे कामाला लागले, शाळा किती लांब, दाखला अडला की बस नाही, एवढे लिहून आणावे आणि ती नोंद नावानिशी शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावी.