आंघोळीच्या पाण्याचा हिशेब
भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावात थंडीचे इंधन घर उबवायला नव्हे, आंघोळीचे पाणी तापवायला लागते. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळिसावर न्यायला सुमारे अर्धा युनिट वीज पुरते; पाण्यात बुडणारा रॉड जवळजवळ सगळी उष्णता पाण्यालाच देतो, फक्त तो चालू असताना बादलीत हात घालू नये. तेवढ्याच पाण्याला गॅस साधारण साठ ग्रॅम जातो, म्हणजे १४.२ किलोच्या टाकीत सव्वादोनशेच्या आसपास बादल्या. उघड्या चुलीत बहुतेक उष्णता धुराबरोबर जाते, म्हणून बादलीमागे किलोभर तरी कपाशीची पऱ्हाटी जळते. तांब्याच्या बंबात मात्र जाळाची नळी पाण्याच्या मधून जाते आणि तेच काम कमी सरपणात होते. पऱ्हाटी फुकटची खरी, पण बांधावर रचून ठेवली की तिच्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. म्हणून पऱ्हाटी हिवाळ्यातच जाळून संपवलेली बरी. सौर बंबाला सुरुवातीचा खर्च मोठा, नंतर इंधन शून्य. मात्र बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात, त्या अधूनमधून साफ कराव्या लागतात.