थांबलेला खेळ आणि थांबलेली लेखणी

खेळ थांबला तर पंचाच्या एका शिट्टीनें तो पुन्हां सुरू होऊं शकतो. परंतु त्या खेळाविषयीं लिहिणारी लेखणी एकदां थांबली म्हणजे ती आपोआप सुरू होत नाहीं. ती कोणीतरी जाणूनबुजून पुन्हां हातांत घ्यावी लागते. गेल्या कांहीं वर्षांत फुटबॉलच्या खेळास आपल्या देशांत व परदेशांतहि वारंवार खंड पडला, आणि प्रत्येक खंडानंतर सामन्यांचीं वर्णनें व चर्चा लिहिणारे शौकीन खेळाबरोबरच पुन्हां कामास लागले. पुष्कळांस ही गोष्ट निव्वळ करमणुकीची वाटते. आम्हांस तसें वाटत नाहीं. खंडानंतर परत येणारें हें लेखन खेळ जिवंत राखण्याचें एक मुख्य साधन आहे, आणि तें काम मोठ्या शहरांतील लोकांवर सोंपवून आपण मोकळे होणें योग्य नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम अगदीं अलीकडचें उदाहरण घेऊं. इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ सालीं सुरू झाली. तिचा एक हंगाम १२ एप्रिल २०२५ रोजीं संपला, आणि जुलै महिन्यांत पुढील हंगाम अनिश्चित काळासाठीं थांबविल्याचें प्रसिद्ध झालें. कारण मैदानावरचें नव्हतें. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ व स्पर्धा चालविणारी कंपनी यांच्यामधील करार डिसेंबर २०२५ मध्यें संपत होता, व पुढें काय करावयाचें याचा निर्णय झालेला नव्हता. खेळाडू तयार, मैदानें तयार, प्रेक्षकहि तयार. पण सामना नाहीं, अशी विलक्षण अवस्था झाली. २०२६ च्या आरंभीं सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंनीं फिफा या जागतिक संघटनेस जाहीर विनंति केली. आणि त्याच जानेवारींत, स्पर्धा १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल, असें केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनीं घोषित केलें.

या मधल्या महिन्यांत सामन्यांचें वर्णन लिहिणाऱ्यांजवळ वर्णन करण्यासारखें कांहींच नव्हतें. अशा वेळीं लेखणी ठेवून देणें सोपें असतें. परंतु कराराचा घोळ काय आहे, न्यायालयांत काय चाललें आहे, खेळाडूंच्या पगाराचें काय होणार, हें सामान्य माणसास समजेल अशा भाषेंत जे लिहीत राहिले, ते आम्हांस गोलांचें रसभरित वर्णन करणाऱ्यांपेक्षां अधिक मोलाचे वाटतात. खंडाच्या काळांत खेळाची विचारपूस करणारा कोणी उरला नाहीं, तर तो खंड न राहतां शेवट ठरतो.

असा शेवट आपल्या मुंबईंतच झालेला आहे. रोव्हर्स चषकाची स्पर्धा मुंबईंत १८९१ सालीं सुरू झाली. आरंभींचीं पुष्कळ वर्षें तींत गोऱ्या पलटणींचेंच वर्चस्व होतें. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो चषक जिंकून हिंदी खेळाडूंचा झेंडा रोंविला; १९४० सालीं कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनें तो नेला; आणि १९५० पासून १९५४ पर्यंत हैदराबाद पोलिसांच्या संघानें तो लागोपाठ पांच वेळां पटकाविला. कूपरेजच्या मैदानावर एके काळीं साऱ्या देशांतील नामांकित संघ या चषकासाठीं झुंजत. ही स्पर्धा २००१ नंतर झाली नाहीं. १९९६ सालीं राष्ट्रीय लीग सुरू झाल्यावर संघांचें वेळापत्रक भरून गेलें, हें खरें. घरबसल्या परदेशी सामने दिसूं लागले, हेंहि खरें. तथापि सुमारें एकशें दहा वर्षांची परंपरा लुप्त झाली असतां, ती पुन्हां सुरू करा म्हणणारा आवाज तिला जागें करण्याइतका मोठा झाला नाहीं, याचा खेद वाटल्याशिवाय राहत नाहीं.

उलट १८८८ सालीं सिमल्यास सुरू झालेला ड्युरंड चषक पहा. दोन्ही महायुद्धांच्या काळांत त्यास खंड पडला; पुढेंहि त्याचें तेज कमी-अधिक होत राहिलें. तरी २०१९ सालीं तो कलकत्त्यास नेण्यांत आला आणि त्यास नवा बहर आला. केवळ लेखनामुळें ड्युरंड वांचला असें आम्ही म्हणत नाहीं. त्यामागें सैन्यदलाचें पाठबळ आहे. पण ज्या गांवांत फुटबॉलविषयीं रोज लिहिलें, वाचलें व बोललें जातें, त्या गांवांत जाऊन तो रुजला, ही गोष्ट विचार करण्याजोगी खास आहे.

लेखन थांबलें म्हणजे केवळ स्पर्धाच नव्हे, तर माणसेंहि विस्मृतींत जातात. १ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबोर्नच्या ऑलिंपिक सामन्यांत भारतानें यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. हे डिसूझा मुंबईच्या टाटा संघाचे खेळाडू. त्या वर्षीं भारत चौथा आला. आमच्या विद्यार्थ्यांस इंग्लंड व स्पेन येथील संघांच्या अकरा-अकरा खेळाडूंचीं नांवें तोंडपाठ आहेत, तीं त्यांनीं अवश्य पाठ करावीं. पण त्यांतील किती जणांनीं डिसूझा हें नांव ऐकिलें आहे? दोष मुलांचा नाहीं. त्यांच्यापर्यंत तें नांव पोंचविण्याचें काम ज्यांचें होतें, त्यांनीं तें केलें नाहीं.

लेखणीची गरज यंत्रांच्या युगांत उरली नाहीं, असें कोणी म्हणेल. त्यास २०२० सालची एक हकीकत सांगावीशी वाटते. कोरोनाच्या सांथीमुळें इंग्लंडची प्रीमियर लीग मार्चमध्यें बंद पडली व १७ जून रोजीं पुन्हां सुरू झाली. पहिलाच सामना ॲस्टन व्हिला व शेफील्ड युनायटेड यांचा, प्रेक्षागार रिकामें. शेफील्डच्या खेळाडूनें मारलेला चेंडू झेलतांना व्हिलाचा गोलरक्षक चेंडूसह गोलरेषेच्या आंत गेला. गोल उघड होता. परंतु गोलरेषेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रानें पंचास सूचना दिली नाहीं, व पंचानें गोल दिला नाहीं. यंत्र पुरविणाऱ्या कंपनीनें मागाहून चूक मान्य केली. सामना ०-० असा बरोबरींत सुटला. हंगामाच्या अखेरीस व्हिला ३५ गुणांवर वांचला, आणि ३४ गुणांचे बोर्नमथ व वॉटफर्ड हे दोन संघ खालच्या वर्गांत गेले. गुणपत्रकांत आज केवळ ०-० एवढेंच दिसतें. त्या दोन शून्यांमागें काय घडलें, हें पाहणाऱ्यांनीं लिहून ठेविलें म्हणून जगास ठाऊक आहे. यंत्र आंकडा देतें. साक्ष माणसासच द्यावी लागते.

आतां महाराष्ट्रांतील आशेची जागा पाहूं. कोल्हापुरांत फुटबॉल हा पेठापेठांचा खेळ आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालीं स्थापन झाली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ छत्रपति शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हां सारें शहर दोन बाजूंस वांटलें जातें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत सामन्याची सविस्तर हकीकत येते, ती घरोघरीं वाचली जाते, आणि तिच्यावर कट्ट्याकट्ट्यांवर वाद होतो. कोरोनानें तेथील खेळहि थांबविला. पण लोकांच्या बोलण्यांतून तो गेला नव्हता, म्हणून परततांना त्यास कोणाची ओळख पटवून द्यावी लागली नाहीं. २०१७ सालीं आपल्या देशांत सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भरली, त्या भारतीय संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ज्या भूमींत खेळाची चर्चा अखंड चालते, तेथें असा खेळाडू निपजावा यांत नवल नाहीं.

मात्र कोल्हापूरच्या उदाहरणाची दुसरी बाजूहि झांकून ठेवणें बरें नव्हे. समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळें तेथें सामने बंद ठेवण्याचे प्रसंग आलेले आहेत. आपल्या संघाचें प्रेम जेव्हां दुसऱ्याच्या द्वेषाचें रूप घेतें, तेव्हां खेळास पडणारा खंड हा सांथीचा नसून आपल्याच हातचा असतो. म्हणून शौकिनाची लेखणी परत यावी, पण ती न्यायी होऊन यावी. प्रतिपक्षाच्या उत्तम खेळाची तारीफ ज्यास लिहितां येत नाहीं, त्यास खेळ कळला नाहीं असेंच म्हणावें लागेल.

मुलींच्या खेळाविषयीं येथें दोन शब्द लिहिणें अगत्याचें आहे. जानेवारी २०२२ मध्यें महिलांची आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणें येथें भरली. भारतीय संघ इराणशीं बरोबरींत खेळला. पण पुढील सामन्याच्या वेळीं संघांत कोरोनाचे रुग्ण निघाल्यामुळें नियमाप्रमाणें आवश्यक असलेल्या किमान तेरा खेळाडू उभ्या करणें अशक्य झालें, आणि यजमानांसच स्पर्धेबाहेर पडावें लागलें. पुरुषांच्या संघावर असा प्रसंग येता तर त्याची आठवण वर्षानुवर्षें निघाली असती. मुलींच्या खेळास पडलेला खंड लोकांस दिसतहि नाहीं, कारण तो सुरू असतांनाच त्याविषयीं लिहिणारे थोडे असतात.

या सर्वांशीं पिंपळगांव बसवंतचा संबंध काय, असा प्रश्न पालकांच्या मनांत येईल. आमचें उत्तर आपल्याच बाजारपेठेंतून घ्यावें. द्राक्षें, कांदे व टोमॅटो यांसाठीं आपलें गांव दूरवर प्रसिद्ध आहे. बाजारसमितींत किती आवक झाली, भाव काय निघाला, याची नोंद रोजच्या रोज होते, आणि माल आज काढावा कीं चार दिवस थांबावें, हें शेतकरी त्या नोंदीवरून ठरवितो. ती नोंद महिनाभर बंद पडली तर माल पिकेल, विकलाहि जाईल; पण कोणास कांहीं उमज पडणार नाहीं. खेळाचेंहि तसेंच आहे. शाळेच्या मैदानावर दरसाल वर्गावर्गांचे सामने होतात. मुलें धांवतात, पडतात, जिंकतात, हरतात. आणि वर्ष संपलें कीं कोण कोणाशीं खेळलें हें कोणासहि सांगतां येत नाहीं. मग नव्या वर्षीं सारें पहिल्यापासून सुरू होतें. ज्या खेळास काल नाहीं, त्यास उद्यां तरी कोठून येणार?

कांहीं पालक म्हणतील कीं, अभ्यास सोडून खेळ, आणि खेळ सोडून खेळाविषयींचें लेखन, हें मुलांस परवडणारें नाहीं. या म्हणण्यांत तथ्य आहे. रात्ररात्र जागून परदेशी सामने पाहणें व त्यांवर हुज्जत घालणें यास आमचाहि पाठिंबा नाहीं. पण पाहिलेली गोष्ट क्रमानें, थोडक्यांत व पक्षपात न करितां लिहिणें हाच तर भाषेचा खरा अभ्यास आहे. कै. वि. वि. करमरकर यांनीं १९६२ सालीं निघालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मधून मराठी वाचकास रोज क्रीडावृत्त वाचण्याची संवय लाविली, आणि खेळाविषयीं चोख मराठींत लिहितां येतें हें दाखवून दिलें. दुसरे कोणी म्हणतील, आधीं मैदान नीट करा, मग लेखन. हेंहि आम्हांस मान्य आहे; परंतु ज्या मैदानावरील खेळाची कोठेंच नोंद नाहीं, त्या मैदानासाठीं मागणी करावयाची तरी कशाच्या आधारें?

म्हणून विद्यार्थ्यांस आमची सूचना अगदीं साधी आहे. शाळेंतील प्रत्येक सामन्याची दहा ओळींची हकीकत त्याच दिवशीं एका वहींत लिहावी. तारीख, दोन्ही वर्ग, गोल कोणी केले, हरलेल्या बाजूचें काय चांगलें होतें, आणि चुना टाकून मैदान कोणी आंखलें, इतकें तींत असावें. मुलींच्या सामन्यांस मुलांच्या सामन्यांइतकीच जागा द्यावी. सामना रद्द झाला तर त्या दिवशींचें पान कोरें न सोडतां रद्द होण्याचें कारण लिहावें. कारण खंडाची नोंद असली म्हणजे खंड भरून काढण्याची आठवण राहते. वर्षाच्या अखेरीस ती वही पुढील वर्गाच्या हातीं द्यावी.

पालकांस विनंति इतकीच कीं, मुलगा अथवा मुलगी मैदानावरून घरीं आली म्हणजे "जिंकलांत काय?" एवढेंच विचारून थांबूं नये. "काय झालें तें सांग," असें म्हणावें, आणि सांगणें पुरें होईपर्यंत ऐकावें. जें आज नीट सांगतां आलें, तेंच उद्यां लिहितां येईल. आणि पुन्हां कधीं खेळास खंड पडलाच, तर तो कोठें थांबला होता हें दाखविणारें निदान एक पान या गांवांत सांपडेल.